रुमालाखालचा हात कोणाचा? एचटीटीपीएसमधला ‘मधला माणूस’ कसा ओळखायचा, कसा अडवायचा

रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी पद्धत बाजार समितीत वावरलेल्यांना ठाऊक असेल. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच कळतो. एचटीटीपीएस म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं सुरक्षित बोलणं; त्यातलं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करणं, हा तो रुमाल. पण खाली धरलेला हात खऱ्या व्यापाऱ्याचा की मध्येच घुसलेल्या तिऱ्हाइताचा, हे रुमाल सांगत नाही. तिऱ्हाइताने एक हात तुमच्याकडे आणि दुसरा व्यापाऱ्याकडे दिला, तर दोन्ही रुमाल शाबूत राहतात आणि सौदा मात्र त्याला पुरता कळतो. वाटलं तर तो भाव बदलूनही सांगतो. ‘मॅन इन द मिडल’ हल्ला म्हणतात तो हाच.

हात ओळखायचं काम सर्टिफिकेट करतं. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात. सर्टिफिकेट हा वेबसाइटचा पासपोर्टच समजा. ब्राउझर त्यात चार गोष्टी पाहतो: नाव पत्त्याशी जुळतं का, मुदत शिल्लक आहे का, त्यावर सही करणारी संस्था आपल्या विश्वासाच्या यादीत आहे का, आणि समोरच्याकडे त्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली (फक्त मालकाकडे असणारा गुप्त आकडा) खरोखर आहे का. चौथी तपासणी महत्त्वाची, कारण सर्टिफिकेट स्वतः काही गुपित नसतं. त्याची नक्कल कोणीही उतरवून घेईल, किल्ली त्याला मिळणार नाही.

एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन टीएलएस या पद्धतीने होतं. २०१८ साली आलेलं टीएलएस १.३ किंवा नीट बसवलेलं १.२ फोडून कोणी तुमचा पासवर्ड वाचत बसत नाही. हल्लेखोर वळसा घालून येतो. एकतर तो एन्क्रिप्शन सुरूच होऊ देत नाही, नाहीतर खोटं सर्टिफिकेट दाखवून तुमच्याकडूनच ‘पुढे जा’ दाबून घेतो. कधी स्वतःची सही तुमच्या यंत्राच्या विश्वासाच्या यादीत आधीच घुसवतो, आणि कधी मिळत्याजुळत्या नावाचं खरं सर्टिफिकेट काढतो. या चार वाटा बंद केल्या की त्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

आधी तो मध्ये येतो कसा

नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या लॉजचं वाय-फाय घ्या. पासवर्ड रिसेप्शनच्या भिंतीवर चिकटवलेला, म्हणजे सगळ्यांना माहीत. त्याच जाळ्यावर बसलेला लॅपटॉप तुमच्या फोनला सतत सांगत राहतो की ‘राउटर मीच’. याला एआरपी स्पूफिंग म्हणतात; एआरपी म्हणजे जाळ्यातला कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, हे विचारायची पद्धत. फोन ते मानतो, कारण एआरपीमध्ये ओळख पटवायची सोयच नाही. दुसरी युक्ती याहून सोपी: तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवून स्वतःचा हॉटस्पॉट उभा करायचा. फोन जास्त ताकदीच्या सिग्नलकडे आपोआप वळतो. २०२७ च्या सिंहस्थात लाखो अनोळखी फोन शहरात असतील, ‘फ्री वाय-फाय’ नावाची जाळी दिसतील, आणि त्यातलं खरं कुठलं हे नावावरून कळायचा मार्ग नाही.

विंडोज लॅपटॉपवर एक ढोबळ तपासणी करता येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘एआरपी’, एक जागा सोडून वजाचिन्ह आणि त्याला जोडून ‘ए’ टाइप करा. राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) आणि दुसऱ्या एखाद्या यंत्राचा पत्ता यांच्यासमोर एकच फिजिकल अ‍ॅड्रेस दिसला तर ते वाय-फाय सोडा. एकाच यंत्राला दोन पत्ते असू शकतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण लॉजच्या वाय-फायवर असा संशय आला तर पुरावा शोधत बसण्यात अर्थ नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: नकली हॉटस्पॉटमध्ये राउटरच त्याचा असतो, तिथे ही तपासणी काहीच दाखवणार नाही.

पैशाच्या कामाला मोबाइल डेटा वापरा, हा सल्ला साधा आहे, पण याच्या तोडीचा दुसरा नाही. बाहेर पडताना जाळं ‘फर्गेट’ करा, नाहीतर पुढच्या वेळी फोन त्याच नावाच्या कुठल्याही जाळ्याला विचारल्याशिवाय चिकटेल.

मधल्या माणसाचं दुसरं ठिकाण म्हणजे घरचा राउटर. अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असेल, तर कोणीही त्यातला डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय, बदलू शकतो. मग तुम्ही बँकेचं नाव टाइप करता आणि फोन जातो भलत्याच सर्व्हरवर. राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसचे आकडे पाहा. ते ना इंटरनेट कंपनीचे, ना तुम्ही स्वतः टाकलेले, असे असतील तर राउटर रीसेट करा, नवा अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवा, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. अँड्रॉइडवर नेटवर्क सेटिंगमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये ‘डीएनएस डॉट गूगल’ असं होस्टनेम इंग्रजीत टाकलं, तर फोनची डीएनएस चौकशी एन्क्रिप्ट होऊन जाते. मात्र काही लॉजचं लॉगिन पान त्यामुळे उघडत नाही. तेवढ्यापुरतं ते ‘ऑटोमॅटिक’वर आणावं लागतं.

पहिली वाट: एन्क्रिप्शन सुरूच न होणं

तुम्ही पत्ता टाइप करता तेव्हा पुढे ‘एचटीटीपीएस’ लिहीत नाही. जुना ब्राउझर आधी साध्या एचटीटीपीने विचारायचा आणि साइट त्याला ‘एचटीटीपीएसवर ये’ सांगायची. मधला माणूस तो निरोप गिळतो, स्वतः साइटशी एचटीटीपीएसने बोलतो आणि तुम्हाला साधं पान देतो. कुठेही धोक्याची पाटी येत नाही, कारण सर्टिफिकेटचा प्रश्नच उद्भवत नाही. मॉक्सी मार्लिनस्पाइकने २००९ मध्ये ‘एसएसएलस्ट्रिप’ नावाच्या हत्याराने हे करून दाखवलं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘सिक्युरिटी’ इथे जाऊन ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ चालू करा. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या पानावर ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ सर्व विंडोंसाठी लावा. आता साधं एचटीटीपी पान उघडण्याआधी ब्राउझर तुम्हाला विचारेल. घरच्या राउटरचं किंवा सीसीटीव्हीचं पान उघडतानाही तो विचारणार. तिथे हो म्हणायला हरकत नाही.

आणि ते ‘हिरवं कुलूप पाहा’ आता विसरा. क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चिन्ह काढून तिथे सेटिंगसारखं चिन्ह आणलं, आणि योग्यच केलं. कुलूप म्हणजे फक्त रुमाल. फसव्या साइटलाही ते मिळतं.

दुसरी वाट: धोक्याची पाटी

बहुतेक हल्ले इथेच जिंकले किंवा हरले जातात, म्हणून इथे जरा थांबू. क्रोममध्ये लाल त्रिकोणाचं पान आलं की खाली बारीक अक्षरात एरर कोड असतो. तो वाचा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

कोडमध्ये ‘डेट इन्व्हॅलिड’ असेल तर आधी स्वतःच्या यंत्राचं घड्याळ पाहा. ऑफिसमधला जुना डेस्कटॉप रोज सकाळी काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटण सेल संपलाय. सेल बदला, तारीख लावा, पाटी जाईल. घड्याळ बरोबर असेल तर साइटच्या मालकाने सर्टिफिकेटची मुदत जाऊ दिली आहे. तो हल्ला नसेलही, पण त्या दिवशी तिथे पासवर्ड किंवा कार्ड टाकू नका.

‘कॉमन नेम इन्व्हॅलिड’ म्हणजे पासपोर्ट खरा, नाव भलत्याचंच. साइटची मांडणी चुकलेली असते, किंवा वाय-फायचं लॉगिन पान तुमच्या साइटच्या जागी घुसू पाहत असतं. दुसरी शक्यता वाटली तर ती पाटी बंद करा आणि ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ उघडा. ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिन पान बँकेच्या नाही तर तिच्या जागी येतं. ते लॉगिन पान तुम्हाला एखादं सर्टिफिकेट, प्रोफाइल किंवा अ‍ॅप बसवायला सांगत असेल, तर वाय-फाय बंद. चहा घ्या, मोबाइल डेटावर काम करा.

‘अथॉरिटी इन्व्हॅलिड’ हा सगळ्यांत गंभीर. सही करणारा कोण ते ब्राउझरला ठाऊक नाही. मधला माणूस घरगुती सर्टिफिकेट बनवतो तेव्हा हाच कोड येतो. तपासणीचा क्रम असा ठेवा: काहीही न दाबता वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, तेच पान पुन्हा उघडा. पाटी गेली तर दोष त्या वाय-फायमध्ये. राहिली, तर दुसऱ्या कोणाच्या फोनवर, वेगळ्या कंपनीच्या सिमवर उघडा. तिथेही आली तर साइट बिघडली आहे. नाही आली तर तुमचं यंत्र तपासायला हवं.

पाटीवरून सर्टिफिकेट उघडून ‘इश्यूड बाय’ पाहिलं तरी बरंच कळतं. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं किंवा ऑफिसच्या फायरवॉलचं नाव दिसलं तर मध्ये कोण आहे ते कळलं. सर्टिफिकेटच्या फिंगरप्रिंटचे (ओळखखुणेचे) आकडे वाय-फाय आणि मोबाइल डेटावर वेगवेगळे आले म्हणून लगेच घाबरू नका. मोठ्या साइटच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर वेगवेगळी सर्टिफिकेटं असतात. सही करणारा अनोळखी आहे का, याकडे लक्ष द्या.

बँकांच्या आणि मोठ्या साइटवर अनेकदा ‘पुढे जा’चं बटणच नसतं. ती एचएसटीएसची करामत. खाली त्याबद्दल येईल. तिथे आडवाटेने पुढे जायच्या युक्त्या व्हिडिओंत सांगितल्या जातात. त्या प्रोग्रामरने स्वतःच्या चाचणी सर्व्हरवर वापरायच्या असतात.

आपल्याकडे एक वाईट सवय सरकारी आणि करविषयक कामांनी लावली आहे. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनसाठी संगणकावर जे सॉफ्टवेअर बसतं, ते १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतं, आणि त्यासाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसीड’ दाबा असं सूचनांमध्येच लिहिलेलं असतं. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच संगणक. ती वाहतूक यंत्राबाहेर जातच नाही, म्हणून तिथे चालतं. बोटाला लागलेलं वळण मात्र दुसऱ्या पत्त्यांवर न्यायचं नाही.

तिसरी वाट: विश्वासाच्या यादीत घुसखोरी

इथे पाटी येत नाही, म्हणून ही वाट जास्त घातक. २०१५ मध्ये उघड झालं की लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं होतं; त्याने विश्वासाच्या यादीत स्वतःची रूट, म्हणजे मूळ सहीचं सर्टिफिकेट, घुसवली होती, आणि सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच होती. ती एकदा बाहेर आली की कोणीही त्या लॅपटॉपसाठी कुठल्याही साइटचा खोटा पासपोर्ट बनवू शकत होता.

सही करणारी संस्थाच फुटली तर? २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं, ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं, आणि संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) या सरकारी संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलने पकडलं. अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजने (सीसीए) एनआयसीची इंटरमीडिएट, म्हणजे रूटच्या वतीने सही करणारी मधली, सर्टिफिकेटं रद्द केली. तेव्हा फायरफॉक्स वापरणारे सुटले, कारण त्याच्या यादीत भारताची ती रूट नव्हती. विंडोजच्या यादीत होती. अशा घटनांमुळेच आज सर्टिफिकेटची जाहीर नोंदवही, म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी, सक्तीची झाली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं जाहीर सर्टिफिकेट त्या वहीत नसेल, तर क्रोम ते नाकारतो.

तुमची यादी अशी तपासा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये वर ‘क्रेडेन्शियल्स’ किंवा ‘सर्टिफिकेट’ हा शब्द शोधा, ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ उघडा, आणि ‘सिस्टीम’ सोडून ‘यूजर’ या टॅबवर जा. तो टॅब रिकामा असायला हवा. आयफोनवर ‘जनरल’मध्ये ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ पाहा, मग ‘अबाउट’च्या तळाशी ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’. विंडोजवर ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ चालवून ‘ट्रस्टेड रूट’ची यादी उघडा. तिथे सीसीए इंडियाच्या नोंदी दिसल्या तर दचकू नका. डिजिटल सिग्नेचरला त्या लागतात. बाकी अनोळखी नाव दिसलं तर आधी ते कुठल्या सॉफ्टवेअरचं ते शोधा, ते सॉफ्टवेअर काढा, मगच सर्टिफिकेट काढा. उलट क्रमाने केलंत तर सॉफ्टवेअर ते पुन्हा बसवतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये फायरवॉलवर ‘एचटीटीपीएस इन्स्पेक्शन’ चालू असणं नवीन नाही. तो मालकाने परवानगीने बसवलेला मधला माणूसच आहे. व्हायरस अडवायला त्याचा उपयोग होतो, पण मग कामगाराने कंपनीच्या संगणकावर स्वतःची बँक उघडू नये, आणि आयटी विभागाने बँका व दवाखान्यांच्या साइट त्यातून वगळाव्यात. ‘समोरच्या साइटचं सर्टिफिकेट चुकीचं असेल तर अडव’ हे फायरवॉलमध्ये लावलं आहे का, ते जरूर पाहा. ते बंद असेल तर फायरवॉल खोटं सर्टिफिकेट स्वीकारतो, त्यावर स्वतःची सही करतो आणि कामगाराच्या ब्राउझरला सगळं आलबेल दिसतं.

फुकट व्हीपीएनबद्दल एवढंच: लॉजवाल्यावर विश्वास नाही म्हणून अनोळखी कंपनीला मध्ये बसवायचं, आणि त्यातही तिने सर्टिफिकेट बसवायला सांगितलं, तर दुखणं बरं पण औषध नको अशी गत.

चौथी वाट: नाव मिळतंजुळतं, सर्टिफिकेट अस्सल

हल्लेखोर बँकेसारख्या दिसणाऱ्या नावाचं डोमेन घेतो, पाच मिनिटांत त्याचं अस्सल सर्टिफिकेट काढतो, आणि तुमचं टायपिंग खऱ्या बँकेकडे सरकवत राहतो. खरा ओटीपी येतो, तुम्ही टाकता, लॉगिन त्याचं होतं. ओटीपी इथे वाचवत नाही.

पत्त्यातलं साइटचं नाव उजवीकडून वाचा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडा; त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, तेच खरं नाव. डावीकडे कितीही वेळा बँकेचं नाव लिहिलेलं असो. भारतातल्या बँकांसाठी हे सोपं झालं आहे: रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, आणि ते डोमेन बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. पासवर्ड मॅनेजर नेहमीच्या पानावर पासवर्ड आपोआप भरत नसेल तर हाताने चिकटवू नका. नाव जुळत नाही हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. जिथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली) मिळते तिथे ती घ्या. ती डोमेनला बांधलेली असल्याने नकली साइटवर चालतच नाही.

ज्यांची स्वतःची साइट किंवा लॉज आहे त्यांच्यासाठी

सिंहस्थाच्या बुकिंगसाठी साइट उघडणाऱ्यांनी, द्राक्ष निर्यातदारांनी आणि वायनरीवाल्यांनी हे आपल्या वेब डेव्हलपरसमोर ठेवावं.

सर्टिफिकेटचं नूतनीकरण माणसावर सोडू नका. जाहीर सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते आहे. लेट्स एन्क्रिप्टसारखी फुकट, आपोआप नवी होणारी सोय लावा आणि सर्व्हरवर पूर्ण साखळीची फाइल ठेवा. इंटरमीडिएट सर्टिफिकेट सुटलं तर डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं आणि ग्राहकाच्या अँड्रॉइडवर पाटी येते. मग ग्राहक पाट्या ओलांडायला शिकतो.

टीएलएस १.२ आणि १.३ एवढंच चालू ठेवा; १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीवरून, फक्त एचटीटीपीएसकडे ३०१ने (कायमचं) वळवा.

मग एचएसटीएस. हा हेडर ब्राउझरला सांगतो की ‘इतके सेकंद माझ्याशी एचटीटीपीने बोलूच नकोस’, आणि पाटीवरचं ‘पुढे जा’ काढून टाकतो. तो घाईने लावला तर साइट बंद पडते. आधी ३०० सेकंद ठेवा, दोन दिवस पाहा. मग ६,०४,८०० म्हणजे एक आठवडा. सगळं नीट असेल तर ३,१५,३६,००० म्हणजे एक वर्ष. सबडोमेन धरण्याआधी डीएनएसमधली प्रत्येक नोंद उघडून पाहा. जुनं बिलिंग पॅनेल किंवा सीसीटीव्हीचं पान साध्या एचटीटीपीवर असतंच कुठेतरी. प्रीलोड यादीत (ब्राउझरसोबतच येणाऱ्या एचएसटीएस साइटच्या यादीत) गेलात तर पहिल्या भेटीतलाही धोका जातो, पण तिथून बाहेर पडायला महिने लागतात.

सीडीएन (तुमच्या सर्व्हरपुढे बसून ग्राहकाला साइट पोचवणारी सेवा) वापरत असाल तर त्याचा मोड तपासा. ‘फ्लेक्सिबल’मध्ये ग्राहक ते सीडीएन एन्क्रिप्टेड आणि तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत उघडं जातं. ग्राहकाला कुलूप दिसतं, मागे दार सताड. ‘स्ट्रिक्ट’ लावा. कोडमध्ये पायथॉनच्या रिक्वेस्ट्समधलं ‘व्हेरिफाय’ फॉल्स केलेलं किंवा कर्लला ‘डॅश के’ दिलेलं शोधा. पेमेंट चालत नव्हतं म्हणून कोणीतरी एका रात्री ते टाकतो, आणि ते तसंच राहतं. डीएनएसमध्ये सीएए नोंद घालून कोणती संस्था तुमचं सर्टिफिकेट देऊ शकते ते ठरवा, आणि महिन्यातून एकदा सर्टिफिकेटच्या जाहीर नोंदवहीत शोध घेणाऱ्या ‘सीआरटी डॉट एसएच’वर स्वतःचं डोमेन शोधा. न काढलेलं सर्टिफिकेट दिसलं तर त्या संस्थेला लगेच कळवा.

लॉजच्या राउटरवर पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क करा, ‘एपी आयसोलेशन’ चालू करा, म्हणजे एका पाहुण्याला दुसऱ्याचा फोन दिसत नाही. बिलिंगचा संगणक आणि कॅमेरे त्यापासून वेगळे ठेवा.

‘पुढे जा’ आधीच दाबून झालं असेल तर

वाय-फाय तोडा. दुसऱ्या यंत्रावरून, मोबाइल डेटावर, पासवर्ड बदला आणि त्याच बैठकीत ‘सर्व उपकरणांतून साइन आउट’ करा. मधल्या माणसाने सेशन कुकी (तुमचं लॉगिन टिकवून ठेवणारी खूण) उचलली असेल तर अनेक साइटवर नुसता पासवर्ड बदलून तो बाहेर जात नाही. ईमेलमध्ये फॉरवर्डिंगचा नवा नियम आणि रिकव्हरीचा नवा नंबर घातला गेलाय का, ते पाहा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. फोन करताना व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक हाताशी ठेवा, आणि पाटीचा किंवा पत्त्याच्या पट्टीचा स्क्रीनशॉट असेल तर तो पुसू नका.